‘पुढे काय?’ विचारणाऱ्या बावीस जणांच्या घरात

गेल्या रमजान ईदची गोष्ट. नमाज झाली, गळाभेटी झाल्या, दुपारपर्यंत शीरखुर्म्याचे दुसरे पातेलेही तळाला लागले. आमच्या मिरजेच्या घरी त्या दिवशी लहानमोठी मिळून बावीस माणसे होती. त्यातल्या निदान दहा जणांनी आमच्या भाच्याला एकच प्रश्न विचारला, "काय बेटा, पुढे काय?" पहिल्या तिघांना त्याने "बी.एस्सी. चालू आहे" असे उत्तर दिले. चौथ्या वेळी तो नुसता हसला. पाचव्या वेळी वाटी तशीच ठेवून बाहेर गेला आणि दारातल्या स्कूटरवर जाऊन बसला, तो मगरिबपर्यंत आत आलाच नाही.

रात्री पाहुणे गेल्यावर आपाने, म्हणजे त्याच्या आईने, रडत रडत सांगितले की तो फेब्रुवारीपासून कॉलेजला जातच नाही. दुसऱ्या वर्षाचे तीन विषय राहिले आहेत. रोज सकाळी डबा घेऊन निघतो आणि बसस्टँडवर बसून संध्याकाळी परत येतो. वय वीस. घरात दारू नाही, गुटखा नाही, वाईट संगत नाही. मुलगा चांगला आहे, फक्त हरवला आहे.

आम्ही दोघे, म्हणजे त्याचे मामू आणि मामी, त्या रात्री ठरवून बसलो की हा पोरगा उन्हाळाभर आपल्याकडे राहील. हा लेख त्या चार महिन्यांचा आहे. त्यात आमच्या चुकाही आहेत. असा एखादा मुलगा किंवा मुलगी आज आपल्यापैकी बऱ्याच घरांत आहे, म्हणून सगळे जसे घडले तसे लिहितो आहोत.

पहिली चूक लगेच झाली. आमच्यापैकी एक जण शाळेत शिकवतो, त्यामुळे भाषण करण्याची सवय. तीन रात्री आम्ही त्याला बसवून समजावले. वहीत कोर्सची यादी केली: फार्मसी, नर्सिंग, डी.एड., आय.टी.आय., एम.पी.एस.सी., कॉम्प्युटर, हॉटेल मॅनेजमेंट, सी.ए., वकिली. यादी चाळीसवर गेली. प्रत्येक नावाला तो "हो मामू" म्हणत गेला. वकील होशील? हो. फार्मसी? हो. सौदीला जाशील? हो. तिसऱ्या रात्री मामीने वही मिटवली आणि म्हणाली, "जो पोरगा चाळीस गोष्टींना हो म्हणतो, त्याने त्यातली एकही पाहिलेली नाही."

आम्ही त्याला सरळ विचारले, की वकील दिवसभर काय करतो ते सांग. त्याला कोर्टातला वकील माहीत होता, तोही सिनेमातला. फार्मसी झालेला माणूस दुकानात बसतो एवढेच ठाऊक. लॅबमध्ये रक्त तपासतात, पण कोण तपासतो, कसे तपासतो, त्याला पगार किती, रात्रपाळी असते का, काही नाही. दोष त्याचा एकट्याचा नव्हता. आपल्या मोहल्ल्यात त्याने जवळून पाहिलेली कामे किती? गॅरेज, वेल्डिंग, फळांचा गाडा, बेकरी, मटणाचे दुकान, रिक्षा, शिवणकाम, एखादा शिक्षक, एखादे हाफिजसाहेब. डॉक्टर पाहिला तो खुर्चीच्या अलीकडून, पेशंट म्हणून. मग पंचवीस प्रकारच्या नोकऱ्यांतून एक निवड, असे त्याला सांगणे म्हणजे न चाखलेल्या पदार्थांतून आवडीचा सांग म्हणण्यासारखेच.

डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचे नाव आपल्या प्रत्येक शाळेच्या भिंतीवर आहे. पण त्यांच्या तरुणपणातला एक भाग आपण मुलांना सांगत नाही. तिरुचिरापल्लीच्या सेंट जोसेफ कॉलेजमध्ये त्यांनी बी.एस्सी. केले, विषय भौतिकशास्त्र. शेवटच्या वर्षाच्या सुमारास इंग्रजी साहित्याची गोडी लागलेली. आणि पदवी हातात आल्यावर त्यांच्या लक्षात आले की भौतिकशास्त्र हा आपला विषयच नव्हे, आपण इंजिनीअरिंगला जायला हवे होते. मग मद्रास इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी. तिथल्या प्रवेशाला लागणारे सुमारे हजार रुपये वडिलांकडे नव्हते, तेव्हा बहीण जोहरा यांनी आपल्या सोन्याच्या बांगड्या आणि साखळी गहाण ठेवली. पुढे डेहराडूनला हवाई दलाच्या निवडीत पंचवीस जणांत त्यांचा नंबर नववा आला. जागा आठ होत्या. हे सगळे ‘अग्निपंख’मध्ये त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. विषय चुकला, वय वाढले, ठरवलेले हुकले, बहिणीचे दागिने गेले. त्यांच्या घरीही कोणी ना कोणी ‘आता पुढे काय?’ विचारले असणारच.

तर वही मिटली आणि दुसरा विचार सुरू झाला. मिरज हे दवाखान्यांचे गाव. 1962 पासून इथे सरकारी मेडिकल कॉलेज आहे, आणि त्याच्या आसपास लॅब, मेडिकल, एक्स-रे सेंटर यांची रांग. दुसरीकडे सतारमेकर गल्ली. तिसरीकडे रेल्वे जंक्शन. आमच्या ओळखी फार मोठ्या नाहीत, पण वीस वर्षे एका गावात राहिल्यावर चार दारे वाजवता येतातच. आम्ही ठरवले की भाच्याला एकेका ठिकाणी आठ-दहा दिवस नुसते बसायला पाठवायचे. पगार नको, सर्टिफिकेट नको. झाडू मारायला सांगितले तर मारायचा. आणि रात्री जेवताना आम्ही एकच प्रश्न विचारायचा: आज वेळ कसा गेला ते कळलेच नाही, असे कधी झाले का? ‘आवडले का’ विचारायचे नाही, कारण त्याला तो ‘हो मामू’ म्हणतो.

पहिले ठिकाण एका कर सल्लागाराचे ऑफिस. सहा दिवस गेला. बिले लावणे, जीएसटीचे रिटर्न भरताना शेजारी बसणे. रोज रात्री उत्तर एकच: नाही. सातव्या दिवशी त्याने जायचे बंद केले आणि पहिल्यांदा स्वतःहून एक वाक्य बोलला, "मामू, हे नको." आम्हाला इतका आनंद झाला की मामीने त्या रात्री खिमा केला. चाळीस ‘हो’नंतरचा तो पहिला ‘नाही’ होता.

दुसरे ठिकाण सतारीचा कारखाना. कारखाना म्हणजे काय, एक लांबट खोली, लाकडाचा भुसा आणि छताला टांगलेले भोपळे. मिरजेतल्या या कामाला दीडशेहून अधिक वर्षे झाली. पूर्वी हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांतून ही कला आली असे इथे सांगतात, आणि 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूने येतात, वाळवून वाळवून हलके झालेले. ते कापायचे, आतून साफ करायचे, आकार धरून ठेवण्यासाठी आधार द्यायचे, मग लाकडाची दांडी जोडायची. शेवटी जवारी. तारा ज्या घोडीवर टेकतात तिचा माथा कानसेने इतका बारीक घासायचा की सूर गुंजत राहिला पाहिजे. एक घासा जास्त झाला की गुंज गेली.

तिथे तो बारा दिवस रमला. रात्रीचे उत्तर कधी हो, कधी नाही. म्हातारे उस्ताद त्याला म्हणाले, "हात चांगला आहे बेटा, कान नाही. कान यायला दहा वर्षं लागतात, आणि तोवर घर कोण चालवणार?" आमच्याकडेही ते स्पष्ट बोलले, की त्यांची स्वतःची नातवंडे आता या कामात नाहीत. हे ऐकून वाईट वाटले. पण एक गोष्ट पदरात पडली. ‘हात चांगला आहे’ हे त्या मुलाला आयुष्यात प्रथमच कोणी सांगितले होते. बारावीत भौतिकशास्त्राला काठावर पास झालेल्या मुलाला हात कशासाठी असतात हे शाळेने विचारलेच नव्हते.

तिसरे ठिकाण एक पॅथॉलॉजी लॅब. इथे आमच्या घरातली एक जुनी जखम सांगायला हवी. पाच वर्षांपूर्वी आमच्या पुतणीला आम्ही एका संस्थेत लॅब टेक्निशियनच्या कोर्सला घातले होते. दोन खोल्यांची संस्था, बाहेर मोठा फलक, ‘शंभर टक्के नोकरी’. फी 55 हजार. वर्षभराने सर्टिफिकेट मिळाले, आणि ते घेऊन ती पहिल्या दवाखान्यात गेली तेव्हा तिथल्या मॅनेजरने ते न वाचताच परत दिले. मान्यताच नव्हती. संस्था आता बंद आहे. पैशापेक्षा पुतणीचे वर्ष गेले आणि त्यानंतर तिच्या घरच्यांनी तिला कुठे पाठवायचेच नाही असे ठरवले, ते जास्त लागले. फलकावर विश्वास ठेवणारे आम्ही होतो, ती नव्हे.

त्यामुळे या वेळी आम्ही लॅबच्या मालकांना आधी तेच विचारले. त्यांनी सांगितलेले इथे मुद्दाम देतो. कोणत्याही दवाखान्याशी संबंधित कोर्सला पैसे भरण्यापूर्वी तो कोणत्या विद्यापीठाचा किंवा कोणत्या सरकारी मंडळाचा आहे ते लेखी मागावे. आणि त्या विद्यापीठाच्या किंवा मंडळाच्या यादीत संस्थेचे नाव आपण स्वतः पाहावे. संस्थेने दाखवलेली झेरॉक्स पुरेशी नाही. 2021 मध्ये केंद्र सरकारने लॅब, एक्स-रे, डायलिसिस, फिजिओथेरपी, ऑपरेशन थिएटर अशा सगळ्या कामांसाठी एक स्वतंत्र कायदा केला आहे. त्यात नोंदणीची व्यवस्था आहे, म्हणजे यापुढे बिनमान्यतेच्या कागदाची किंमत आणखी कमी होणार. आणि त्या संस्थेतून दोन वर्षांपूर्वी बाहेर पडलेली तीन मुले आज कुठे काम करतात ते विचारावे. चांगली संस्था नावे सांगते. वाईट संस्था चहा मागवते.

लॅबमध्ये भाचा नळ्यांवर लेबल लावत होता. नवव्या दिवशी रक्त तपासणीचे मोठे यंत्र बंद पडले. कोल्हापूरहून एक मेकॅनिक आला. यंत्र उघडले, आणि आमच्या भाच्याला कोणी तरी म्हणाले, जरा टॉर्च धर. त्याने तीन तास टॉर्च धरला. रात्री साडेनऊला घरी आला, आणि आम्ही प्रश्न विचारण्याआधीच बोलत सुटला. आत किती बारीक नळ्या असतात, पंप कसा असतो, सर्किट कुठले जळले होते, मेकॅनिकने ते कसे शोधले. मामीने विचारले, "दुपारी काय खाल्लंस?" तो थांबला. डबा पिशवीत तसाच होता.

आम्ही दुसऱ्या दिवशी आपाला फोन केला. तिने ऐकले आणि अगदी साधेपणाने म्हणाली, "त्यात नवल काय? दुकानातलं वेल्डिंगचं मशीन दर दोन महिन्यांनी तोच तर दुरुस्त करतो. चौदा वर्षांचा असल्यापासून."

आम्ही दोघेही गप्प बसलो. चाळीस कोर्सची यादी करणाऱ्या आम्हाला हे माहीत नव्हते. त्याच्या अब्बांना, आमच्या दुल्हाभाईंना, माहीत होते. पण ते घरचे काम, त्याला कोणी गुणात धरले नव्हते. पोराने मशीन दुरुस्त केले की ‘शाब्बास, आता अभ्यासाला बस’ एवढेच. वेल्डिंगच्या दुकानातून मुलाने बाहेर पडावे, शर्ट पांढरा राहावा, म्हणून तर त्यांनी त्याला सायन्सला घातले होते. ज्या हुन्नरातून बाहेर काढायचे ठरवले, त्यातच त्याची ओढ असेल हे बापाला कसे दिसावे?

त्या मेकॅनिकला आम्ही गाठले. भला माणूस, त्याने चहाच्या टपरीवर अर्धा तास दिला. त्याने इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला होता आणि मग कंपनीने यंत्रांचे प्रशिक्षण दिले. तो म्हणाला, दवाखाने वाढत आहेत, प्रत्येकाकडे यंत्रे आहेत, आणि ती बंद पडली की माणूस बाहेरून बोलवावा लागतो. मात्र फिरती फार. रात्री फोन येतो. रविवार नाही. हे त्याने भाच्याच्या तोंडावर सांगितले ते बरे झाले.

आता दारांविषयी. आपल्या घरांत घाई होते ती दार कायमचे बंद होणार या भीतीने, आणि कोणते दार कधी बंद होते हे मात्र कोणाला नक्की ठाऊक नसते. आमच्या भाच्याला वाटत होते की तो विसाव्या वर्षी संपला. प्रत्यक्षात बारावी सायन्स पास मुलाला पॉलिटेक्निकच्या डिप्लोमाला थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळू शकतो, म्हणजे तीन वर्षांचा कोर्स दोन वर्षांत. दहावीनंतर दोन वर्षांचा आय.टी.आय. केलेल्यालाही हा रस्ता आहे. डिप्लोमा झाल्यावर इंजिनीअरिंगच्या पदवीला पुन्हा थेट दुसरे वर्ष. म्हणजे फिटर किंवा इलेक्ट्रिशियन म्हणून सुरू झालेला मुलगा पायरी पायरीने इंजिनीअर होऊ शकतो. फार्मसीतही तेच: दोन वर्षांचा डी.फार्म. केलेल्याला बी.फार्म.च्या दुसऱ्या वर्षाला जाता येते. वकिलीला बारावीनंतर पाच वर्षांचा रस्ता आहे, तसा कोणत्याही पदवीनंतर तीन वर्षांचाही. ज्याचे कॉलेज सुटले त्याला नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे, 1989 पासून. नोकरी करत पदवी घेता येते आणि ती स्पर्धा परीक्षांना चालते.

काही दारांना मात्र वय आहे. यू.पी.एस.सी.ला खुल्या गटात 32 वर्षे आणि सहा संधी, ओबीसींना 35 आणि नऊ. राज्यसेवेला साधारण खुल्या गटात 38, मागासवर्गीयांना 43. रेल्वेच्या अप्रेंटिस भरतीत वयाची अट याहून खूप आधी, सहसा चोविसाव्या वर्षी संपते. आय.टी.आय. झालेल्या मुलांचे हे दार बंद होते आणि त्यांना कळतही नाही. मग सव्विसाव्या वर्षी हळहळ.

स्पर्धा परीक्षेबद्दल एक वेगळा शब्द. जालना जिल्ह्यातल्या शेलगावचे अन्सार शेख पहिल्याच प्रयत्नात, एकविसाव्या वर्षी, आय.ए.एस. झाले. रिक्षा चालवणाऱ्या वडिलांचा मुलगा. त्या निकालानंतर आपल्या समाजातल्या किती तरी मुलांनी पुण्याची वाट धरली आणि ते चांगलेच झाले. पण त्या गोष्टीत एक मोठा भाऊही आहे, ज्याने शाळा सोडून गॅरेजमध्ये काम केले आणि पैसे पाठवले. आपण पुण्यात खोली घेऊन बसलेल्या मुलाला विचारतो, निकाल कधी? त्या खोलीचे भाडे कोण कमावते आहे आणि त्याचे ‘पुढे काय’, हे कोणी विचारत नाही. दुसरा रस्ता हाताशी ठेवून, घरात साल ठरवून परीक्षेला बसावे. दहा-दहा वर्षे ‘तयारी चालू आहे’ म्हणणारी मुले आमच्या मोहल्ल्यात तीन आहेत.

कागदांचे सांगतो, कारण प्रवेशाच्या वेळी आमची खरी धावपळ तिथेच झाली. दुल्हाभाई बागवान. बागवान, मोमीन, पिंजारी अशा अनेक बिरादऱ्या महाराष्ट्राच्या ओबीसी यादीत आहेत. पण भाच्याच्या शाळेच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात नुसते ‘मुसलमान’. त्याच्या अब्बांच्या दाखल्यावरही तेच. ओबीसीच्या दाखल्यासाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा लागतो. शेवटी भाच्याच्या दादांच्या मोठ्या भावाचा प्राथमिक शाळेतला नोंदवहीचा उतारा मिळाला, त्यात ‘मुसलमान बागवान’ लिहिले होते. तो शोधायला आमची पाच आठवड्यांची धावपळ झाली. मग जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, आणि जात पडताळणीचा अर्ज. ही कामे प्रवेशाच्या आठवड्यात होत नाहीत. घरात मूल दहावीला असेल तर आजच्या आज जुन्या ट्रंका उघडा. ज्यांची बिरादरी यादीत नाही त्यांनी ईडब्ल्यूएसच्या दाखल्याची चौकशी करावी. आणि लहान मुलांची नावे शाळेत घालताना रकाना पूर्ण भरून घ्या. एक शब्द राहिला तर त्याची किंमत नातू भरतो.

पैशाचा प्रश्न आपल्याकडे दुहेरी. एक तर पैसे नसतात, आणि बँकेचे शैक्षणिक कर्ज घ्यायचे तर व्याजाचा प्रश्न मनात येतो. त्यावर आम्ही फतवा देणारे कोण? आपण ज्या आलिमांवर विश्वास ठेवता त्यांना विचारावे. पण त्याआधीच्या पायऱ्या बऱ्याच घरांत चढल्याच जात नाहीत. तंत्रशिक्षण घेणाऱ्या अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी राज्याची शिष्यवृत्ती आहे, अर्ज महाडीबीटीच्या पोर्टलवर. सरकारी पॉलिटेक्निकची फी खाजगीपेक्षा खूप कमी असते. गावच्या जमातीचे बैतुलमाल असते. आणि नात्यातले कर्ज-ए-हसना. लग्नात मंडपासाठी दोन लाख उसने देणारे आपण, भाच्याच्या फीसाठी वीस हजार मागायला लाजतो. आम्ही लाज सोडली. तीन नातेवाइकांकडे गेलो, दोघांनी दिले, आणि कागदावर लिहून घेतले, जसे घ्यायला सांगितले आहे तसे.

एक वाक्य या चार महिन्यांत आम्ही फार ऐकले: "रिज्क अल्लाहच्या हातात आहे, एवढा काय विचार करता?" रिज्क त्याच्याच हातात आहे यात आम्हाला शंका नाही. पण तवक्कल करायचा तो उंट बांधून, हेही आपल्या घरात पोराटोरांना ठाऊक असते. इस्तिखारा करावा, जरूर करावा, भाच्यानेही केला. मात्र आमच्या मस्जिदीच्या इमामसाहेबांनी त्याला जे सांगितले ते आम्हाला पटले: दुआ दोन रस्त्यांमधून निवडायला मागतात, आधी रस्ते तरी पाहून ये.

राहिले दुल्हाभाई. ते काही सहज मानले नाहीत. बी.एस्सी. सोडून डिप्लोमा म्हणजे त्यांना खाली उतरल्यासारखे वाटले. "लोकांना काय सांगू? दोन वर्षं कॉलेज करून पोरगा परत पान्हे-पकड घेणार?" आम्ही वाद घातला नाही. त्यांना मिरजेला बोलावले आणि त्या मेकॅनिकसमोर बसवले. दोघांचे बोलणे ट्रान्सफॉर्मरवरून सुरू झाले. तासाभराने दोघेही आम्हाला विसरले होते. निघताना दुल्हाभाई भाच्याला म्हणाले, "दुकानातलं मशीन परत गरम होतंय. रविवारी येऊन बघ." आमच्या घराण्यात परवानगी अशीच देतात.

प्रवेश झाला. सगळे गोड झाले असे मात्र नाही. पहिल्या सहामाहीत गणिताचा पेपर राहिला. नोव्हेंबरमध्ये एकदा पुन्हा म्हणाला, मामू, मला जमणार नाही. तेव्हा आम्ही त्याला दोन दिवस त्या मेकॅनिकबरोबर फिरतीला पाठवले. परत आल्यावर गणिताची शिकवणी लावली. तो सतारीच्या उस्तादांकडेही अधूनमधून जातो. कशासाठी, ते विचारलेले नाही.

आणि आता नवीन प्रश्न उभा आहे. त्याची धाकटी बहीण यंदा बारावीला. गेल्या महिन्यात आली तेव्हा मामीच्या मागे स्वयंपाकघरात उभी राहून तिने हळूच विचारले, "मामी, भाईला चार ठिकाणी पाठवलंत. मला पण पाठवाल?"

आम्ही तिच्यासाठी वहीत पुन्हा लिहिले, या वेळी चारच नावे. बी.एस्सी. नर्सिंग झालेली एक सिस्टर, ती बुरखा घालून येते आणि वॉर्डात गणवेश घालते. एक वकील बाई. आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या मॅडम. आणि एक आर्किटेक्टचे ऑफिस, कारण पोरीच्या वहीच्या मागच्या पानांवर घरेच घरे काढलेली असतात आणि या वेळी आम्ही ती पाने आधी पाहिली. सोबत जायला-यायला मामी आहे. फीचेही ऐकून ठेवले आहे: 2024 पासून राज्यात व्यावसायिक पदवी अभ्यासक्रमांना ओबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींची शिक्षण फी आणि परीक्षा फी माफ आहे, घरचे उत्पन्न आठ लाखांच्या आत असले तर. दादांच्या भावाचा तो उतारा तिलाही उपयोगी पडेल.

पण आपाने फोनवर सांगितले की मिरज मार्केटमधल्या एका घरून पैगाम आला आहे, मुलगा चांगला आहे, आणि दुल्हाभाई विचार करत आहेत. पुढच्या जुम्याला आम्ही दोघे त्यांच्याकडे जाणार आहोत. या वेळी बरोबर न्यायला मेकॅनिक नाही. मामीने त्या सिस्टरला विचारले आहे, ती हो म्हणाली आहे.